विरंगुळ्याची वहिवाट

समुद्रकिनाऱ्यालगतच्या एखाद्या वस्तीत पर्यटकांचा ओघ वाढला, की तिथल्या तक्रारींची एक ठरावीक यादी तयार होते. घरभाडी वाढली, रस्ते तुंबले, कचरा साचला, रात्री उशिरापर्यंत आवाज चालू राहतो, पाणी पुरत नाही. या तक्रारी खऱ्याच असतात आणि त्यांच्यावर सभा होतात, समित्या बसतात, अहवालही येतात. मात्र या यादीत एक साधा प्रश्न सहसा नसतो. या वस्तीत बारमाही राहणारा माणूस मंगळवारी संध्याकाळी, काम संपल्यावर, करतो काय? हा प्रश्न विचारला तर लोक हसतात. ज्याच्या दारात समुद्र आहे आणि ज्याच्या गल्लीत जग सुट्टी घालवायला येते, त्याला विरंगुळ्याची ददात कसली, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. माझे म्हणणे असे, की ती ददात नेमकी त्यालाच असते, आणि ती नशिबाने आलेली नसून आपण किनाऱ्यांची आखणी ज्या पद्धतीने करतो तिच्यातून आलेली असते.

विरंगुळा हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना लावतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला अपूर्वाई हवी असते. त्याने पैसा, रजा आणि प्रवासाचा शीण खर्च केलेला असतो. त्याच्या मोबदल्यात घरी मिळत नाही असे काहीतरी त्याला पाहायचे असते, आणि त्यात गैर काही नाही. रहिवाशाचा विरंगुळा मात्र नेहमीचेपणावर उभा असतो. तोच कट्टा, तीच वेळ, तेच चार चेहरे, न ठरवता पडणारी गाठ, काल अर्धवट राहिलेल्या वादाला आज पुन्हा तोंड फुटणे. त्यातली गोडी पहिल्या खेपेत नसते, तीनशेव्या खेपेत असते. गाण्याचा सराव करणारा गट, पहाटे पोहणाऱ्यांची टोळी, बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे दोन निवृत्त गृहस्थ, ओल्या वाळूत चेंडू खेळणारी शाळकरी पोरे यांपैकी कुणालाही वर्षातून एकदा होणारा मोठा महोत्सव नको असतो. त्यांना दर आठवड्याला हमखास मिळणारी जागा हवी असते.

ही जागा कुणी एका दिवसात हिसकावून घेत नाही. आधी बाकांच्या रांगेतले दोन बाक दुरुस्तीसाठी जातात आणि परत येत नाहीत. तिथे उपाहारगृहाच्या खुर्च्या येतात, ज्यांवर काही मागवल्याशिवाय बसता येत नाही. सरावाचे सभागृह हंगामात लग्नांना आणि परिषदांना भाड्याने जाऊ लागते. मुलांचे मैदान फक्त तीन महिन्यांसाठी वाहनतळ होते, आणि ते नेमके शाळेच्या सुट्टीचे तीन महिने असतात. दरम्यान आठ जणांच्या गटातले दोघे भाडे परवडेना म्हणून लांब राहायला गेलेले असतात. आणखी दोघांचा पोटाचा उद्योगच असा असतो, की इतरांची संध्याकाळ आणि इतरांचा रविवार ही त्यांची कामाची वेळ. दुसऱ्यांच्या सुट्टीवर ज्यांचे घर चालते, त्यांची सुट्टी आडवारी आणि आडवेळी येते, ही गोष्ट आराखडे करणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते. उरलेले चौघे मग घरी बसून दूरचित्रवाणी पाहतात. या सगळ्यात अन्याय कुठे झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही.

मायामी बीचच्या दक्षिण भागातले उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. १९३०च्या दशकात तिथे ओशन ड्राइव्हवर समुद्रासमोर छोट्या, गोलसर कोपऱ्यांच्या हॉटेलांची रांग उभी राहिली. पुढे काळ पालटला आणि ही हॉटेले स्वस्त झाली. उत्तरेकडच्या थंड शहरांतून आलेले, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध ज्यू लोक त्यांत महिनोन्महिने राहू लागले. हॉटेलांच्या समोरच्या ओसरीवर समुद्राकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या असत आणि त्यांवर हे म्हातारे-म्हाताऱ्या सकाळपासून बसलेल्या असत. पलीकडच्या लमस बागेत जमून ते आपली जुनी गाणी म्हणत. पाहणाऱ्याला ते मरणाची वाट पाहणारे गाव वाटे, पण तिथे कोण आजारी आहे, कोण दोन दिवस दिसले नाही, याची खबर सगळ्यांना असे. १९७९ मध्ये या इमारतींच्या परिसराला ऐतिहासिक वारसा म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आणि पुढच्या दशकात त्यांना नवे रंग, नवे मालक आणि नवी भाडी आली. ओसऱ्या जागच्या जागीच राहिल्या. फक्त त्यांवर आता उपाहारगृहांची टेबले लागली. इमारती वाचवणाऱ्यांनी मोठेच काम केले, हे मान्य करायला हवे. पण खिडक्यांवरच्या सज्जांना वारसा म्हणणाऱ्या नोंदवहीत त्या ओसरीवरच्या बसण्याला रकानाच नव्हता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ जोफ्र द्युमाझदिए यांनी फावल्या वेळाची तीन कामे सांगितली होती: शीण घालवणे, मन रमवणे आणि माणसाची वाढ होणे. पर्यटनाच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कामाची रेलचेल असते. पहिल्याला तिथे शांतता मिळत नाही, आणि तिसऱ्याला, म्हणजे वाचन, वाद्य, नाटक, खेळातली शिकवणी, एखादी कला हळूहळू हाताला बसणे याला, जागाच परवडत नाही. कारण मन रमवण्याचे पैसे लगेच हातात पडतात, आणि वाढ होण्याचे पैसे कुणी दारात उभे राहून देत नाही.

आता यावर उपाय काय, असे विचारले की बहुतेकांचे बोट सोयींकडे जाते: आणखी एक उद्यान, आणखी एक सभागृह. सोयी हव्यातच. पण माझ्या मते आधी हक्काची भाषा बदलायला हवी, आणि त्यासाठी लागणारा शब्द आपल्याकडे तयार आहे. तो म्हणजे वहिवाट. बांधावरून जाणाऱ्या वाटेच्या भांडणात आपण हा शब्द वापरतो. जमीन कुणाचीही असो, लोक तिथून उघडपणे, परवानगी न मागता, वर्षानुवर्षे जात आले असतील तर त्या जाण्यालाच हक्काचे रूप येते. रहिवाशांचा विरंगुळा ही अशीच एक वहिवाट आहे. तिच्यामागे मालकी नसते, तिकीट नसते, करार नसतो. असते ती फक्त सातत्याची साक्ष.

ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कॅनन बीच नावाचे एक पर्यटनाचे गाव आहे. १९६६ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका मोटेलच्या मालकाने आपल्या इमारतीसमोरच्या कोरड्या वाळूवर वाहून आलेले ओंडके आडवे टाकले आणि आतली जागा आपल्या पाहुण्यांपुरती राखून ठेवली. भरतीच्या पाण्याने भिजणारी ओली वाळू १९१३ पासूनच सार्वजनिक रस्ता मानली जात होती. कोरडी वाळू मात्र कागदोपत्री त्याचीच होती. लोकांनी ओरड केली, १९६७ मध्ये राज्याने किनाऱ्याचा कायदा केला, आणि १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो मालकीच्या कागदावर नव्हे, रूढीच्या आधारावर. त्या वाळूवर मूळ रहिवासी शिंपले उकरत आणि चुली पेटवत होते, नंतर आलेल्यांनी तोच वापर चालू ठेवला, आणि कधीच कुणी तो अडवला नाही, असे न्यायालयाने नोंदवले. वाळूवर बसून खाणे, पोरांनी किल्ले करणे, काटक्या गोळा करून शेकोटी करणे या फालतू वाटणाऱ्या गोष्टींना तिथे पुराव्याचे वजन आले. इंग्लंडमध्ये ही परंपरा आणखी मागे जाते. गावकऱ्यांनी एखाद्याच्या कुरणात करमणुकीसाठी नाचण्याची रूढी तिथल्या न्यायालयाने १६६५ मध्येच ग्राह्य धरली होती, आणि आजही तिथे सलग वीस वर्षे स्थानिक लोक एखाद्या जागेवर हक्काने खेळत-फिरत असतील तर तिची गावाचे मैदान म्हणून नोंद होऊ शकते.

अशा नोंदीच्या दाव्यांतला इंग्लंडमधल्या रेडकार या समुद्रकाठच्या गावचा खटला तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तिथल्या कोथम भागातली मोकळी जमीन नगरपालिकेची होती आणि तिचा काही भाग गोल्फच्या मैदानात मोडत असे. त्याच जमिनीवर गावकरी कुत्री फिरवायचे, मुले खेळायची. गोल्फवाला चेंडू मारायच्या तयारीत दिसला की हे लोक थांबत, त्याचा फटका होऊ देत आणि मग पुढे जात. पालिकेने तिथे घरे आणि करमणुकीच्या सोयी बांधायचे ठरवले, तेव्हा गावकऱ्यांनी वीस वर्षांच्या वापराचा दावा केला. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो फेटाळण्याची शिफारस केली. कारण असे, की हे लोक गोल्फवाल्यांना वाट देत होते, म्हणजे आपला वापर हक्काचा नाही हे त्यांनाही ठाऊक होते! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क मोडून काढला. सभ्यपणाने थोडे थांबणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ. पर्यटनाच्या वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा असे मला वाटते, कारण पाहुण्याला आधी जाऊ देणे हा रहिवाशाचा स्वभावच झालेला असतो, आणि त्या स्वभावाचा अर्थ ‘यांना इथे काही नको आहे’ असा सर्रास लावला जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधल्याच न्यूहेवन या बंदराच्या गावी पश्चिमेकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या पोहत आले होते. २००६ मध्ये बंदराच्या मालकांनी तो बंद केला. नगर परिषदेने गावाचे मैदान म्हणून त्याच्या नोंदीसाठी अर्ज केला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाव हरले. बंदराच्या जुन्या उपविधींमुळे लोकांचा तिथला वावर हा परवानगीचा वावर ठरला, आणि बंदराच्या कायदेशीर कामाशी असा हक्क जुळत नाही असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे वहिवाट आपोआप टिकत नाही. नियमांच्या कुठल्यातरी जुन्या कागदात ‘परवानगी’ हा शब्द सापडला तरी ती पुसली जाऊ शकते.

जागेचे जे होते तेच कलेचेही होते, फक्त अधिक नाजूकपणे. हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या वाइकीकी भागात १९३७ मध्ये छायाचित्रणाच्या फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्या स्थानिक शाखेने तिथल्या पारंपरिक हुला नृत्याचा एक मोफत कार्यक्रम सुरू केला. त्यामागचे कारण मासलेवाईक होते. हुलाचे कार्यक्रम रात्री होत, आणि रात्रीच्या उजेडात पर्यटकांना छायाचित्रे घेता येत नसत. म्हणून नाच दिवसा, कॅमेऱ्याच्या सोयीने. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. त्यात नाचणाऱ्या बायकांची कला खोटी होती असे मी म्हणणार नाही. अनेकींचे त्यावर घर चालले असेल आणि कलेचे काही धागे त्यामुळेच टिकलेही असतील. पण नाचाची वेळ कुणाच्या सोयीने ठरते, या एका गोष्टीवरून कला कुणाच्या मालकीची आहे ते कळते. ज्या नाचाला कुणी पाहणारे नसले तरी तो व्हायचाच असतो, चुकला तर पुन्हा करायचा असतो, लहानांनी मोठ्यांकडून ओरडा खात शिकायचा असतो, त्याला तालमीची खोली लागते. हवाईत हुलाचे शिक्षण टिकले ते गुरूंच्या शाळांमधून. रंगमंच पर्यटन पुरवते. तालमीची खोली मात्र वस्तीने स्वतःसाठी राखावी लागते.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की पर्यटकांचा पैसा नसता तर हा फिरण्याचा रस्ता, हे दिवे, हे जीवरक्षक आलेच नसते. हे बरेचसे खरे आहे. छोट्या लोकवस्तीच्या करातून एवढ्या सोयी उभ्या राहत नाहीत, आणि हंगाम संपल्यावर उजाड पडणाऱ्या किनारी गावांची अवस्था पाहिली की पर्यटन नकोच असे म्हणणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. पण सोय कुणाच्या पैशातून आली, यावरून ती कुणाच्या वेळापत्रकाने चालावी हे ठरत नाही. रस्त्यांवरचे दिवे हंगाम संपताच मंद करणारी आणि स्वच्छतागृहांना कुलूप लावणारी व्यवस्था पाहुण्याच्या पैशाचा दाखला देत असते, आणि बारा महिने कर भरणाऱ्याला विसरत असते.

दुसरा आक्षेप मला अधिक सतावतो. रहिवाशांच्या हक्काची भाषा फार लवकर ‘बाहेरच्यांना मज्जाव’ या भाषेत घसरते, आणि किनाऱ्यांच्या इतिहासात या मज्जावाने फार घाण केलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वंशांनुसार वाटल्या आणि समुद्राच्या पाण्याशीसुद्धा पाट्या लागल्या. तो कायदा जायला १९९० उजाडले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ग्रीनिच या श्रीमंत गावाने आपली किनाऱ्यावरची बाग केवळ रहिवासी आणि त्यांचे पाहुणे यांच्यापुरती ठेवली होती. धावायला आलेल्या एका बाहेरच्या माणसाला अडवले गेले, तो न्यायालयात गेला, आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. सार्वजनिक बाग ही लोकांनी भेटण्याची, बोलण्याची, मते मांडण्याची जागा आहे, म्हणून तिचे दार गावापुरते बंद करता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. मला हे पूर्ण पटते. म्हणूनच माझी मागणी माणसांच्या वर्गवारीची नाही, वापराच्या रक्षणाची आहे. कोण कुठला हे विचारू नका. मंगळवारचा चेंडूचा खेळ मंगळवारी होऊ द्या, म्हणजे झाले. त्या खेळात पाहुणा येऊन सामील झाला तर उत्तमच. दूरच्या उपनगरातून बसने येणारी मुलगी आणि समोरच्या इमारतीतला मुलगा यांत त्या खेळाला फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो त्या जागेवर भाड्याचे मंडप लागतात तेव्हा.

असे करता येते, याचे दाखले आहेत. फ्रान्समध्ये २००६ च्या नियमानुसार नैसर्गिक किनाऱ्यावर भाडेकरारांखालची जागा फार तर एक पंचमांश असू शकते. उरलेला किनारा मोकळा ठेवावा लागतो, आणि व्यावसायिकांनी उभारलेले सामान काढून नेता येईल असेच असावे लागते. रिओच्या कोपाकबानात समुद्राकडच्या बाजूचा रस्ता रविवारी वाहनांना बंद होतो. त्याला ना इमारत लागते, ना उद्घाटन. सिडनीच्या बाँडायमध्ये १९२९ साली बांधलेली, मूळची कपडे बदलण्याच्या खोल्यांची भव्य इमारत १९७८ पासून सांस्कृतिक केंद्र झाली, आणि तिथे नाट्यगृहाबरोबर कुंभारकामाची कार्यशाळाही आली. जगातल्या अतिपरिचित किनाऱ्यांपैकी एकावर, वाळूला लागून, कुणीतरी चाकावर मातीचा गोळा ठेवून तो वाकडा का होतोय म्हणून वैतागत बसलेले असते, हे चित्र मला कुठल्याही आतषबाजीपेक्षा मोठे वाटते. २०१५ नंतर या इमारतीच्या नूतनीकरणाचा बेत पुढे आला, तेव्हा तिचा व्यापारी वापर वाढेल या भीतीने रहिवाशांनी जोरदार विरोध केला. तो बेत बदलला, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली ती केंद्र म्हणूनच.

त्याच किनाऱ्यावरच्या आइसबर्ग्ज या हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळाचा नियम प्रसिद्ध आहे: सभासदत्व हवे तर थंडीच्या हंगामात दर चारपैकी तीन रविवारी, असे पाच वर्षे, पाण्यात उतरायचे. पैसे देऊन हे विकत मिळत नाही. पाहुणे नसतात त्या ऋतूत आणि त्या वेळी रहिवाशांनी स्वतःची संस्कृती कशी घडवली, याचा तो नमुना आहे. पण तो सांगताना जपायला हवे. रहिवाशांनी पहाट आणि हिवाळा घ्यावा, उरलेला दिवस पाहुण्यांचा, अशी वाटणी कुणी त्यातून काढू नये. उरलासुरला वेळ गोड करून घेणे ही माणसांची हुशारी आहे. तिला धोरण म्हणणे हा लबाडपणा होईल.

आणि माणसेच उरली नाहीत तर वहिवाट कुणाची? बार्सिलोनाचा बार्सेलोनेता भाग अठराव्या शतकात वसला तो कोळ्यांच्या आणि कामगारांच्या छोट्या घरांचा. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथले लोक पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांविरुद्ध रस्त्यावर उतरले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्या शहराच्या महापौरांनी अशा दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ नंतर नव्याने न देण्याचे जाहीर केले. घरांचा प्रश्न आणि विरंगुळ्याचा प्रश्न वेगळे खाते काढून सोडवता येत नाहीत. जिन्यात दर चार दिवसांनी नवा शेजारी भेटत असेल, तर बुद्धिबळाच्या पटासमोरची दुसरी खुर्ची भरायची कुणी?

मोठे निर्णय शहरांनी घ्यायचे आहेत आणि त्यांना वेळ लागेल. तोवर किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमधल्या गटांना मी एकच गोष्ट सुचवेन, आणि ती रेडकार आणि न्यूहेवनचे निकाल वाचून सुचलेली आहे. एक वही ठेवा. आज कोण आले, किती वाजता जमलो, कुठल्या जागी, किती वेळ खेळलो किंवा गायलो, कुणाची परवानगी मागावी लागली का, कुणी उठवले का आणि काय कारण सांगून. दरवर्षी एक-दोन छायाचित्रे तारखेसह त्यात चिकटवा. आराखड्याची सुनावणी लागेल तेव्हा समोरच्यांकडे उत्पन्नाचे तक्ते असतील, हंगामाचे आकडे असतील. आपल्याकडे निदान गेल्या अनेक मंगळवारांची हजेरी असावी.